दाद न देणारी बुरशी

इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात मेंदूच्या रुग्णांसाठी वेगळा अतिदक्षता विभाग आहे. २०१५ च्या सुरुवातीपासून २०१७ च्या मध्यापर्यंत या विभागातल्या रुग्णांच्या अंगावर एक यीस्ट पुन्हा पुन्हा सापडत राहिले. बहुतेकांच्या फक्त त्वचेवर, तर काही जणांच्या रक्तातही. एकूण ७० रुग्णांपर्यंत ते पोहोचले. खोल्यांमधल्या पृष्ठभागांचे नमुने घेतले तर फारसे काही हाती लागेना. शेवटी धागा सापडला तो एका साध्या वस्तूपाशी. रुग्णाच्या काखेत ठेवून सतत तापमान मोजणारी एक पट्टी तिथे वापरली जात असे. एका रुग्णाची काढायची आणि दुसऱ्याला लावायची, असा तिचा प्रवास चाले. हे यीस्ट त्या पट्टीवरून प्रवास करत होते. पट्ट्या वापरातून काढून टाकल्या, तेव्हा कुठे साथ ओसरली.

हे यीस्ट म्हणजे कँडिडा ऑरिस. ‘ऑरिस’ म्हणजे लॅटिनमध्ये कान. २००९ मध्ये टोकियोतल्या एका ७० वर्षांच्या स्त्रीच्या कानातल्या स्रावात ही नवी जात सापडली म्हणून हे नाव पडले. (अलीकडे वर्गीकरणतज्ज्ञांनी तिचे कूळ बदलून कँडिडोझायमा असे नवे नाव दिले आहे, पण दवाखान्यांत अजून जुनेच नाव चालते.) नंतर शोध घेतल्यावर दक्षिण कोरियातल्या एका रुग्णाच्या १९९६ सालच्या जपून ठेवलेल्या नमुन्यातही ती निघाली. त्याआधीचा तिचा मागमूस जगातल्या जुन्या संग्रहांत जवळजवळ नाही. आणि आज ती सगळ्या वसलेल्या खंडांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली. तिच्यात एकूण १९ नावे आहेत आणि सर्वांत वरच्या, म्हणजे ‘अतिगंभीर’ गटात चार. कँडिडा ऑरिस त्या चारांपैकी एक.

तिची दहशत एवढी का, याचे उत्तर एका आकड्यात देता येते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के फ्लुकोनाझोल या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत. सुमारे ३० टक्के अँफोटेरिसिन-बी या जुन्या, जालीम औषधालाही जुमानत नाहीत. तिसरा गट एकायनोकँडिन औषधांचा. त्यांना न जुमानणारे नमुने ५ टक्क्यांच्या आतच आहेत, पण आहेत.

आपलेच शेजारी

यीस्ट म्हटले की आपल्याला पाव फुगवणारी भुकटी आठवते. ती सॅकरोमायसिस नावाच्या निरुपद्रवी यीस्टची. कँडिडा ही त्याच विस्तारलेल्या गणगोतातली. तिच्या अनेक जाती आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर, योनीमार्गात वर्षानुवर्षे गुपचूप राहतात. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो, मधुमेही व्यक्तीच्या जांघेत खाज सुटते, अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाल्यावर स्त्रियांना खाजेसह पांढरे जाण्याचा त्रास होतो. यामागे बहुधा तीच असते. हे त्रास चिडचिड करायला लावणारे, पण जिवावर बेतणारे नव्हेत.

जिवावर बेतते ते ती रक्तात शिरली की. निरोगी माणसाच्या रक्तात शिरणे तिला सोपे नसते. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण वेगळा. त्याच्या मानेत किंवा मांडीत मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी असते, पोटाचे ऑपरेशन झालेले असते, तगडी अँटिबायोटिक्स दिल्याने आतड्यातले जिवाणू मेलेले असतात आणि मोकळ्या जागेवर यीस्टने बस्तान बसवलेले असते. चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने देशातल्या २७ अतिदक्षता विभागांत एक मोठी पाहणी झाली. दाखल झालेल्या दर हजार रुग्णांमागे सुमारे साडेसहा जणांच्या रक्तात कँडिडा सापडली. पाश्चात्त्य देशांत अग्रक्रम असतो कँडिडा अल्बिकन्सचा. आपल्याकडे मात्र पहिला क्रमांक लागला कँडिडा ट्रॉपिकॅलिसचा, सुमारे ४२ टक्के. त्या पाहणीतल्या १४०० नमुन्यांपैकी ७४ कँडिडा ऑरिसचे निघाले. आकडा लहान वाटेल, पण २७ पैकी १९ विभागांत ती हजर होती, हे जास्त बोलके आहे.

भारतात ऑरिसकडे पहिल्यांदा लक्ष वेधले ते दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. दिल्लीतल्या दोन रुग्णालयांतल्या १२ रुग्णांमधले नमुने त्यांनी तपासले. सगळे एकमेकांच्या प्रतिकृती असल्यासारखे निघाले आणि सगळ्यांनी फ्लुकोनाझोलला दाद दिली नाही. २०१३ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या एप्रिल ते जुलैदरम्यान, दिल्लीतल्याच एका अतिदक्षता विभागात रक्तात यीस्ट शिरलेले १५ कोविड रुग्ण आढळले. त्यांतल्या दोन तृतीयांश जणांत ती ऑरिसच होती.

औषधे इतकी कमी का

जिवाणूंविरुद्ध आपल्याकडे डझनावारी प्रकारची औषधे आहेत. बुरशीविरुद्ध शरीरभर पोहोचणारी औषधे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच घराण्यांची. यात संशोधकांचा आळस नाही. जिवाणू आपल्यापासून फार दूरचे. त्यांचे पेशीतले यंत्र वेगळे, त्यामुळे आपल्याला धक्का न लावता त्यांच्यावर घाव घालता येतो. बुरशी मात्र उत्क्रांतीच्या वंशावळीत झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. तिच्या पेशीला आपल्यासारखेच केंद्रक, आपल्यासारखीच प्रथिने बनवण्याची पद्धत. जे तिला मारते ते आपल्यालाही बाधते. म्हणून औषधासाठी फरकाच्या जागा शोधाव्या लागतात, आणि त्या मोजक्याच आहेत.

पहिला फरक पेशीच्या पटलात. आपल्या पेशीचे पटल घट्ट ठेवण्याचे काम कोलेस्टेरॉल करते, बुरशीत तेच काम अर्गोस्टेरॉल नावाचा भाऊबंद करतो. दुसरा फरक पेशीभित्तिकेचा. पटलाच्या बाहेर बुरशीला ग्लुकॅन नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांची एक भिंत असते, आपल्या पेशीला अशी भिंतच नसते. सगळी मदार या दोन फरकांवर.

अर्गोस्टेरॉलवर घाव घालणारे पहिले उपयुक्त औषध दोन स्त्रियांनी शोधले, तेही पोस्टाच्या भरवशावर. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतून सूक्ष्मजीव वाढवत आणि बरण्यांत भरून टपालाने ऑल्बनीला पाठवत. तिथे रेचल ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे काढून परत पाठवत. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबाच्या शेतातल्या मातीने त्यांना यश दिले. १९५० मध्ये जाहीर झालेल्या या औषधाचे नाव न्यूयॉर्क स्टेटवरून पडले निस्टॅटिन. पूर आलेल्या फ्लॉरेन्समधली बुरसलेली चित्रे वाचवायलाही पुढे ते वापरले गेले. स्वामित्वधनाचे १ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर दोघींनी विज्ञान संशोधनाला देऊन टाकले.

याच घराण्यातला एक सदस्य अस्सल पुणेरी, खरे तर पिंपरीचा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात पिंपरीचे नाव असे कोरले गेले आहे, आणि पिंपरी-चिंचवडमध्येही ते फार थोड्यांना ठाऊक असेल.

निस्टॅटिन पोटातून रक्तात शोषले जात नाही, त्यामुळे ते तोंड-त्वचा-योनीमार्गापुरते राहिले. रक्तातल्या संसर्गासाठी आले अँफोटेरिसिन-बी. २०२१ मध्ये ‘काळ्या बुरशी’च्या म्हणजे म्युकरमायकोसिसच्या साथीत ज्याच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर वणवण करत होते, तेच हे इंजेक्शन. ते अर्गोस्टेरॉलला पकडून पटलातून अक्षरशः उपसून काढते. गुणकारी, पण मूत्रपिंडांना जाच करणारे. म्हणून १९९० च्या सुमारास फ्लुकोनाझोलची गोळी आली तेव्हा डॉक्टरांना हायसे वाटले. स्वस्त, पोटातून घेता येणारी, बरीच सुरक्षित. ती अर्गोस्टेरॉल बनूच देत नाही. एकायनोकँडिन घराणे २००१ पासून वापरात आले. ते भिंत बांधणाऱ्या विकरावर घाव घालते.

सुटकेच्या वाटा

फ्लुकोनाझोलपासून यीस्ट कसे निसटते, हा सगळ्यात रंजक भाग आहे.

अर्गोस्टेरॉल बनवण्याच्या कामात एक विकर असते, त्याची कृती ईआरजी-११ या जनुकात लिहिलेली असते. या विकराच्या मध्यभागी एक खोबण आहे. तिथे कच्चा माल येऊन बसतो आणि त्याच्यावर प्रक्रिया होते. पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर आधीच कुणी ठाण मांडावे, तसे फ्लुकोनाझोल त्या खोबणीत जाऊन बसते. कच्चा माल ताटकळत राहतो, अर्गोस्टेरॉल बनत नाही, उलट अर्धवट प्रक्रिया झालेले विषारी पदार्थ साचतात.

आता जनुकात एकच अक्षर बदलले, तर विकरातला एक अमिनो आम्लाचा मणी बदलतो. भारतातल्या कँडिडा ऑरिसमध्ये १३२ व्या जागचे टायरोसिन जाऊन फेनिलॲलानिन किंवा १४३ व्या जागचे लायसिन जाऊन आर्जिनिन आलेले दिसते. बदल नखाएवढा. पण त्यामुळे खोबणीचा आकार असा बिघडतो की औषधाला नीट बसता येत नाही आणि कच्च्या मालाला मात्र बसता येते. कारखाना पुन्हा चालू. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरिसमध्ये हा बदल वेगळ्याच ठिकाणी आहे.

दुसरी वाट उपशाची. पेशीच्या पटलात काही प्रथिने पंपासारखी बसवलेली असतात. नको असलेले रसायन आत आले की ऊर्जा खर्चून ती ते बाहेर फेकतात. सीडीआर-१ हा त्यांतला मुख्य पंप. एरवी तो गरजेपुरता चालतो, कारण त्याच्यावर टीएसी-१बी नावाच्या जनुकाचा मुकादम नेमलेला असतो. या मुकादमातच दोष निर्माण झाला की पंप बंद करण्याचा हुकूम सुटतच नाही. रात्रंदिवस उपसा चालू. फ्लुकोनाझोल आत शिरते खरे, पण काम करण्याइतके साचत नाही. प्रयोगशाळेत अशा ऑरिसमधला पंपाचा जनुक काढून टाकला तर तीच ऑरिस औषधापुढे बरीच मवाळ होते, त्यावरून या पंपाचा वाटा किती मोठा हे कळले. आणि बऱ्याच नमुन्यांत खोबण बदललेली असतेच, शिवाय पंपही सुटलेला असतो. एकावर एक.

तिसरी वाट जवळजवळ चावट म्हणावी अशी आहे. २००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या ज्युडिथ बर्मन यांच्या गटाने फ्लुकोनाझोलला न जुमानणाऱ्या कँडिडा अल्बिकन्सची गुणसूत्रे पाहिली. पाचव्या गुणसूत्राचे दोन डावे तुकडे एकमेकांना जोडून एक जादाचे गुणसूत्र तयार झालेले त्यांना दिसले. त्या डाव्या तुकड्यावर काय होते? खोबणीचे जनुक आणि पंपाच्या मुकादमाचे जनुक, दोन्ही. एका फटक्यात दोहोंच्या जादा प्रती. माणसात गुणसूत्र कमी-जास्त झाले तर मोठे व्यंग येते. यीस्ट ते सहज पचवते आणि औषधाचा धोका टळला की जादा तुकडा टाकूनही देते. प्रतिकार हवा तेव्हा अंगावर चढवायचा, नको तेव्हा उतरवायचा.

अँफोटेरिसिनची कथा उलटी आहे. ते थेट अर्गोस्टेरॉललाच पकडते, त्यामुळे निसटायचे तर यीस्टला पटलातले अर्गोस्टेरॉलच बदलून दुसरे काहीतरी वापरावे लागते. असे करणाऱ्या पेशी जगतात, पण दुबळ्या होतात. उष्णता, शरीरातल्या पांढऱ्या पेशींचा मारा त्यांना सोसत नाही. म्हणूनच साठ वर्षे वापरूनही या औषधाला न जुमानणारी कँडिडा क्वचितच भेटे. ऑरिसने ही समजूत धक्क्याला लावली. ही किंमत तिने कशी भरून काढली, यावर सध्या बरेच काम चालू आहे.

एकायनोकँडिनसाठी एकच जनुक महत्त्वाचे, एफकेएस-१. भिंत बांधणाऱ्या विकराचे ते जनुक. ऑरिसमध्ये त्यातल्या ६३९ व्या जागचे सेरिन बदलले की औषधाचा घाव चुकतो. हा बदल बहुतेक वेळा रुग्णाला औषध चालू असतानाच घडतो.

या सगळ्याखाली एक साधे गणित आहे. रक्तात शिरलेले यीस्ट कोट्यवधींनी वाढते. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना क्वचित चूक होते. कोट्यवधी पेशींत त्या चुका विखुरलेल्या असतातच, औषध त्या निर्माण करत नाही. औषध फक्त बाकीच्यांना बाजूला करते आणि चुकून वाचलेल्यांना मैदान मोकळे करून देते. त्यात फ्लुकोनाझोल कँडिडाला मारत नाही, नुसते वाढू देत नाही. थांबलेल्या पण जिवंत पेशींना नशीब अजमावायला वेळच वेळ.

जिवाणूंशी इथे एक मोठा फरक आहे, आणि तो जरा दिलासा देणारा. जिवाणू प्रतिकाराची जनुके एकमेकांना, अगदी परक्या जातीलाही, हातोहात देतात. यीस्टमध्ये असा बाजार जवळजवळ नाही. प्रत्येक वंशाला आपली युक्ती आपणच शोधावी लागते. म्हणूनच भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या ऑरिसचे बदल वेगवेगळे.

शिवाय, प्रयोगशाळेच्या अहवालात न दिसणारी एक गोष्ट. काही नमुने चाचणीत ‘औषधाला दाद देणारे’ ठरतात, तरी रुग्ण बरा होत नाही. चाचणीत पहिल्या २४ तासांतली वाढ मोजतात. काही यीस्टमध्ये थोड्या पेशी औषधातही अगदी हळू वाढत राहतात, त्या दुसऱ्या दिवशी दिसल्या असत्या. याला प्रतिकार नाही, सहनशीलता म्हणतात. आणि शिरेतल्या प्लॅस्टिकच्या नळीच्या आतल्या बाजूला यीस्टने बुळबुळीत थर धरला असेल तर तो थर औषध शोषून घेतो, आतल्या पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. तिथे औषध बदलण्याआधी नळी बदलावी लागते.

सफरचंद, समुद्रकिनारा आणि शेत

१९९० च्या दशकाआधी ऑरिस होती कुठे? २०१७ मध्ये पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि जपानमधल्या ५४ नमुन्यांची जनुके तुलनेला घेतली गेली. एकाच ठिकाणी जन्मून विमानाने जगभर गेलेला वंश दिसेल, अशी अपेक्षा होती. दिसले ते वेगळेच. एकमेकांपासून फार पूर्वी फुटलेले चार वंश, आणि चारही जवळपास एकाच काळात वेगवेगळ्या खंडांत माणसांवर आलेले. नंतर पाचवा वंश इराणमध्ये मिळाला. जॉन्स हॉपकिन्सचे आर्तुरो कासादेवाल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यावर एक तर्क मांडला. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ३७ अंशांची ऊब सोसत नाही, तेच आपले मोठे संरक्षण. पृथ्वी तापते तशी एखादी बुरशी थोड्या जास्त उष्णतेला सरावली असेल, तर तिला माणसाचे शरीर खुले झाले. ऑरिस ४० अंशांच्या पलीकडेही वाढते. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण खोडताही आलेला नाही.

त्या तर्काला जोर आला तो अंदमानात. चौधरी यांच्या गटाने तिथल्या किनाऱ्यांवरची वाळू, पाणी, खाजणातली माती तपासली आणि २०२१ मध्ये जाहीर केले की ऑरिस रुग्णालयाबाहेर, निसर्गात सापडली आहे. माणसांची वर्दळ असलेल्या किनाऱ्यावरचे नमुने एकाहून जास्त औषधांना न जुमानणारे होते. माणसे फारशी जात नाहीत अशा खाजणात मात्र एक नमुना असा मिळाला, जो औषधांना दाद देणारा आणि उष्णतेत हळू वाढणारा होता. कदाचित ऑरिसचे मूळ रूप असेच असावे.

पुढच्या वर्षी याच गटाने सफरचंदे तपासली. दिल्लीच्या बाजारातल्या, साठवणुकीतून आलेल्या काही सफरचंदांच्या सालीवर ऑरिस मिळाली. बागेतून थेट तोडलेल्यांवर एकाही ठिकाणी नाही. साठवणुकीत फळ टिकावे म्हणून बुरशीनाशके वापरतात, त्यांतली काही फ्लुकोनाझोलच्याच रासायनिक घराण्यातली. (धुतलेले सफरचंद खाऊन कुणाला ऑरिसचा आजार झाल्याचे उदाहरण नाही, तेव्हा फळे टाकून देण्याचे कारण नाही.)

हे घराणे आपल्या शेतकऱ्यालाही चांगले परिचयाचे आहे. नाशिकच्या द्राक्षबागेत भुरी आली की हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही नावे कृषी सेवा केंद्रात ऐकू येतात. नावांच्या शेवटचा ‘कोनॅझोल’ योगायोग नाही. ही सगळी फ्लुकोनाझोलची भावंडे, त्याच खोबणीत बसणारी. ॲस्परजिलस या साध्या बुरशीच्या बाबतीत शेतातल्या फवारणीतून घडलेला प्रतिकार थेट रुग्णांच्या फुप्फुसांत पोहोचल्याचे युरोपात आणि भारतातही दाखवून दिले गेले आहे. यीस्टच्या बाबतीत तैवानमध्ये फ्लुकोनाझोलला कमी दाद देणारी कँडिडा ट्रॉपिकॅलिस मातीत आणि रुग्णांत एकाच जनुकीय वंशाची मिळाली. ट्रॉपिकॅलिस म्हणजे आपल्या अतिदक्षता विभागांतली पहिल्या क्रमांकाची कँडिडा, हे विसरून चालणार नाही. म्हणून द्राक्षबागायतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र अन्यायाचे ठरेल. भुरीने बाग गेली तर वर्षाचे उत्पन्न जाते, आणि शेतातले व दवाखान्यातले औषध वेगळ्या घराण्यांतले असावे हे ठरवणे त्याच्या हातात नाही. नव्या बुरशीनाशकाला परवानगी देताना ते कुठल्या मानवी औषधाच्या जातकुळीतले आहे, हे पाहण्याची रीत अजून रुळलेली नाही.

औषध न घेताच प्रतिकार

२०२१ च्या जानेवारी ते एप्रिलदरम्यान अमेरिकेत दोन ठिकाणी घडलेल्या घटनांनी तज्ज्ञांची झोप उडवली. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये तिन्ही घराण्यांना न जुमानणारी ऑरिस तीन रुग्णांत आढळली होती, पण तिघांनाही आधी एकायनोकँडिन दिलेले होते. म्हणजे त्यांच्या शरीरातच, उपचारांदरम्यान, प्रतिकार उभा राहिला होता आणि तिथेच थांबला होता. २०२१ मध्ये वॉशिंग्टन डीसीत दीर्घकालीन शुश्रूषा घेणाऱ्या गंभीर रुग्णांत ऑरिसचे १०१ नमुने मिळाले, त्यांतले तीन तिन्ही घराण्यांना न जुमानणारे. टेक्ससमध्ये २२ पैकी दोन तसेच, आणि आणखी पाच फ्लुकोनाझोल व एकायनोकँडिन या दोन्हींना दाद न देणारे. यांतल्या कुणालाही आधी एकायनोकँडिन दिलेले नव्हते. प्रतिकार तयार होऊन आता एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात होता.

ऑरिसचे वेगळेपण इथेच आहे. बाकीची कँडिडा बहुधा रुग्णाच्या आतड्यातूनच त्याच्या रक्तात जाते. ऑरिस त्वचेवर मुक्काम करते, अंगावरून गळते, पलंगाच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर, फोनवर आठवडे टिकते. रुग्णालयांत फरशी पुसायला सर्रास वापरली जाणारी काही जंतुनाशके तिच्यावर पुरेशी चालत नाहीत, क्लोरीनयुक्त द्रावण लागते. शिवाय ती ओळखणेही अवघड. बऱ्याच प्रयोगशाळांतली स्वयंचलित यंत्रे तिला कँडिडा हेमुलोनी वगैरे जवळच्या नातेवाइकाचे नाव देत असत. खात्रीच्या ओळखीसाठी मॅल्डी-टॉफ हे यंत्र किंवा जनुकीय तपासणी लागते, आणि तालुक्याच्या ठिकाणी दोन्ही सहज मिळत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये रुग्णालयांना याबाबत सावध केले होते.

नवी औषधे येत आहेत. आठवड्यातून एकदाच द्यावे लागणारे रेझाफंजिन २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण ते एकायनोकँडिनच्याच घराण्यातले. इब्रेक्साफंजर्प त्याच भिंत बांधणाऱ्या विकरावर वेगळ्या जागी घाव घालते आणि गोळीच्या रूपात घेता येते. जास्त आशा आहे ती फोस्मॅनोजेपिक्सकडून. पेशीभित्तिकेला प्रथिने जिथून टांगली जातात, तो सांधाच ते तोडते. एफकेएस-१ बदललेली ऑरिसही त्यापुढे प्रयोगशाळेत टिकत नाही. रुग्णांवरच्या त्याच्या चाचण्या चालू आहेत.

तोवर रुग्णाच्या नातेवाइकांना काही प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. रक्तात बुरशी निघाली असे सांगितले तर ती नेमकी कुठल्या जातीची? कुठल्या औषधाला दाद देते, हे तपासले का? मोठ्या शिरेतली नळी अजून गरजेची आहे का? अंगावर ऑरिस निघालेल्या रुग्णाला घरी नेता येते. घरातल्या निरोगी माणसांना तिचा धोका फारसा नसतो, हात साबणाने धुतले की पुरे. पण ती त्वचेवर महिनोन्‌महिने राहू शकते. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे असेल, डायलिसिसला न्यायचे असेल किंवा वर्षभराने पुन्हा दाखल करायचे असेल, तर डिस्चार्ज कार्डावर तिची नोंद ठळक असायला हवी आणि ते कार्ड नव्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी दाखवायला हवे, म्हणजे त्या रुग्णासाठी वेगळी खोली, वेगळा तापमापक आणि वेगळा रक्तदाबाचा पट्टा ठेवता येतो.